न चाखलेलं कालवण

आग्नेयेचा वारा जोरात सुटला, ऊसतोड निम्म्यावर आली आणि जळक्या पाचटाची काळी राख दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर येऊन बसू लागली, की आमच्या बेटावर, शमें ग्रेनिए गावात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. घराघरांत चतुर्थीच्या आधीचे उपास आणि रेडिओवर पर्यटनाची चर्चा. पाहुणे मालदीवला का जातात, सेशेल्सला का जातात, आपल्याकडेच का येत नाहीत. आवाजावरून टाय लावलेले वाटणारे गृहस्थ येतात आणि कारणं सांगतात. आपला ‘माल’ जुना झाला, म्हणतात. माल म्हणजे आम्ही. मी शेंगा सोलता सोलता ऐकते आणि रेडिओशी भांडते. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मी अकरा वर्षं बुकिंगच्या टेबलाशी बसले. येणारा प्रत्येक पाहुणा आधी माझ्या कागदावर आला, मग बेटावर; न येणारा नुसता कागदावरच राहिला. पण मला कुणी चर्चेला बोलावत नाही. नाही बोलावलं तर नाही. देवळाच्या सभागृहात रविवारच्या वर्गाला जाऊन जे मराठी लिहायला शिकले, ते अशा वेळी उपयोगी पडतं.

आमचं हॉटेल शेजारच्या सुरिनाम गावाच्या खालच्या अंगाला होतं. आता तिथे दुसरंच काही उभं आहे. चाळीस खोल्या, उसाच्या पाचटानं शाकारलेली छपरं, पुढे फिलाओची, म्हणजे सुरूची झाडं. खरं सांगायचं तर समुद्र पोहायला फारसा बरा नव्हता. पाण्याला ओढ होती, आणि वाळूत पाय ठेवला की पोवळ्याचा तुकडा टोचायचा. उत्तरेकडच्या मोठ्या हॉटेलांसारखं आमच्याकडे काही नव्हतं. तरी माणसं यायची आणि एकदा येऊन गेलेली परत यायची. त्याचं कारण माझे बा होते. मी त्यांची मुलगी आहे म्हणून म्हणत नाही. पाहुण्यांच्या वहीत तीन भाषांत लिहिलेलं होतं.

बा त्या हॉटेलचे मुख्य आचारी. सगळे त्यांना ‘सेफ’ म्हणायचे. त्यांचे वडील ऊसतोडीला होते. बा कोवळ्या वयात कारखान्याच्या साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायला लागले आणि तिथून एकेक पाऊल सरकत चुलीपाशी पोचले. फ्रेंच सॉस त्यांना यायचे, लोणी न करपवता मासा परतता यायचा, पण पाहुणे नाव काढायचे ते त्यांच्या उरीतच्या कालवणाचं. उरीत म्हणजे ऑक्टोपस. सुरिनामच्या कोळणी सकाळी भाले घेऊन खडकांवर उतरत आणि नऊच्या आत उरीत मागच्या दाराशी येई. मग तो बडवायचा, उकडायचा, कांदा, टोमॅटो, हळद, थाइम आणि कढीपत्त्यात शिजवायचा. त्या वासानं माझं टेलेक्सचं यंत्रसुद्धा घटकाभर थांबायचं असं मला वाटे.

बांच्या स्वयंपाकघरात चाखायचा हक्क एकाच माणसाला होता. दुसऱ्या कुणी चमचा पातेल्याकडे नेला की बा नुसतं बघायचे. तेवढं पुरे होई.

आता चतुर्थीचं सांगते. सुट्टी एकाच दिवसाची, पण आमच्या घरी त्याआधी सात दिवस मासमच्छी, अंडं काही चालायचं नाही. आमच्या बेटाच्या बोलीत, क्रेओलमध्ये, त्याला ‘कारेम’ म्हणतात. आमचे शेजारी ईस्टरच्या आधी पाळतात ते निराळं, पण शब्द एकच. बांचा उपास कडक आणि कामही चुकायचं नाही. सातही दिवस ते हॉटेलात मासे शिजवायचे, आणि संध्याकाळी परसात, न्हाणीच्या दगडावर कढत पाणी अंगावर घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाहीत. आई हंडा तापवून तयार ठेवी. ती दरवर्षी तोच प्रश्न विचारायची.

“चाखल्याबिगर मीठ कसं कळतं तुमाला?”

“नाकाला कळतं,” बा म्हणायचे.

“मिठाला वास असतो व्हय?”

“मला येतो.”

नाकाचं मला माहीत नाही. मीठ त्यांच्या हाताला कळायचं हे मात्र मी पाहिलेलं आहे. त्यांची मिठाची वेळ ठरलेली: टोमॅटो फुटला, कडेनं तेल सुटलं की एक मूठ, एकदाच. वीस वर्षं कारेमच्या आठवड्यात असं न चाखलेलं अन्न जर्मनांनी, फ्रेंचांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनी बोटं चाटून खाल्लं. सगळ्या सुरिनामला या गोष्टीचा अभिमान होता आणि आमच्या घराला तर जरा जास्तच होता.

ज्या वर्षाचं सांगते ते ऐंशीनंतरचं, सुरुवातीच्या वर्षांपैकी एक. त्याआधीच्या वर्षांत टेलेक्सवर नुसती नावं यायची. दोन खोल्या हव्यात, चार खोल्या हव्यात, समुद्राकडची मिळेल का. मग हळूहळू नावांच्या जागी प्रश्न येऊ लागले. वादळाची भीती किती? विमानतळापासून मोटारीला किती वेळ लागतो? उसाचे ट्रक रस्ता अडवतात असं ऐकलं, खरं का? पोहण्याच्या तलावात राख पडते का? मी उत्तरं टाइप करायची. राख पडते हे मी लिहिलं नाही. पण पडायची. पाहुणे वर आकाशाकडे बघत विचारायचे, कुठे आग लागली? मी म्हणायची, आग नाही, साखर आहे.

मग एका जर्मन सहल कंपनीनं कळवलं की करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला त्यांची एक बाई दोन दिवसांसाठी येते आहे. सोळा खोल्या वर्षभर त्या कंपनीच्याच जिवावर भरलेल्या असत. त्या गेल्या तर खोल्या आवरणाऱ्या, सुरिनाम आणि ग्रां बुआहून येणाऱ्या बारा जणींना घरी बसावं लागणार आणि स्वयंपाकघर अर्ध्यावर येणार, हे कपडे धुणारीपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाई यायची तारीख कारेमच्या चौथ्या दिवशी पडली. मॅनेजर, ज्यांना आम्ही ‘मूसये’ म्हणायचो, स्वतः स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, “सेफ, उरीत.” बांनी मान हलवली. त्या क्षणी त्यांची छाती किती फुगली होती ते मी दारातून पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, माझीही फुगली होती.

बाई आली त्या दुपारी जे झालं ते आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं.

बाईला मागची बाग दाखवायला मूसयेंनी बांना बाहेर बोलावलं. थाइम, मिरच्या, कढीपत्ता. चुलीपाशी गोविंद उरला. गोविंद बांच्या हाताखाली तयार झालेला, सुरिनामचाच मराठा, त्याच्याही घरी कारेम. टोमॅटो फुटला, तेल सुटलं, सेफ जागेवर नाहीत. शिकवलं होतं तसं त्यानं मूठभर मीठ घातलं. बा परत आले, पातेल्यात पाहिलं, टोमॅटो फुटला होता, तेल सुटलं होतं. त्यांनीही मूठभर घातलं. गोविंदला वाटलं, काकांनी पाहिलंच असेल, त्यांना कमी वाटलं असेल. त्यांना कोण विचारणार? आणि चाखून बघणारं कुणी नव्हतं. ज्यांचा उपास होता त्यांना चाखता येत नव्हतं, आणि ज्यांना चाखता आलं असतं, म्हणजे भांडी घासणारा आंत्वान आणि दोन मुली, त्यांना बांच्या पातेल्यात चमचा घालायची छाती नव्हती.

बाईनं पहिला घास घेतला आणि पाणी प्याली. दुसरा घास घेतला आणि पुन्हा पाणी प्याली. मग काटा खाली ठेवला. मी दुभाषी म्हणून टेबलाशी उभी होते. मूसयेंनी तिच्या पानातलं थोडं चाखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बांना बोलावलं. ते स्वच्छ एप्रन बांधून आले, कारण त्यांना वाटलं नेहमीसारखं कौतुकासाठी बोलावलंय. काय झालं ते कळल्यावर त्यांनी सबब सांगितली नाही. म्हणाले, माझा उपास आहे, मी चाखलं नाही, मीठ जास्त झालं, चूक माझी.

मी इंग्रजीत सांगितलं. बाई माझ्याकडे आणि मग बांकडे बघत राहिली.

“जे खाता येत नाही ते हा माणूस शिजवतो?”

“वीस वर्षं,” बा क्रेओलमध्ये म्हणाले. मी भाषांतर केलं.

ती वाईट बाई नव्हती. तिनं उपास कशाचा हेही विचारलं. आमचा देव चार दिवसांनी घरी यायचा आहे, असं मी सांगितलं. ती जरा हसली आणि म्हणाली, “मालदीवमध्ये एका बेटावर एकच हॉटेल असतं. कामाची माणसं होडीनं येतात आणि होडीनं जातात. तिथे दुसरं काहीच नसतं, म्हणून सगळं सोपं असतं.” मग तिनं वहीत काहीतरी लिहिलं. ते मला दिसलं नाही.

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तिथेही माणसं असणारच. त्यांचेही उपास असतील, सण असतील, आजारी आया असतील. फक्त ते सगळं पलीकडच्या बेटावर ठेवलेलं असेल, पाहुण्याला दिसणार नाही असं. आमच्याकडे पलीकडचं बेट नाही. आम्हाला एकच बेट मिळालं, आणि त्यातच ऊस लावायचा, पोरांना शाळेत घालायचं, मेलेल्यांना जाळायचं, गणपती पाण्यात सोडायचा, आणि उरलेल्या कडेला पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायच्या. विमानतळावरून येणारी मोटार उसाच्या ट्रकमागे अडकते, कारण ट्रक आधीपासून त्या रस्त्यावर आहे. मला याची लाज कधी वाटली नाही. तेव्हा मला फक्त भीती वाटली होती, त्या बारा जणींची आणि बांची.

चतुर्थीला आमच्या घरी गोविंद आला. मूर्तीला हार घातला, आरतीला उभा राहिला. आरती झाल्यावर तो बांच्या पुढ्यात येऊन बसला.

“काका, मीठ मी बी घातलेलं.”

“ठावं हाय,” बा म्हणाले.

“मंग मूसयेला सांगितलं का न्हाय?”

“सांगून कालवण अळणी झालं असतं? मोदक खा.”

गोविंदनं मोदक हातात घेतला आणि तसाच धरून बसला. आईनं त्याच्या हातावर पातळ तूप ओतलं तेव्हा कुठे तो तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी गणपती नदीवर नेला. झाकरीच्या, म्हणजे आमच्या गणपतीतल्या नाचाच्या, फेरात बा नेहमी पुढे असायचे, पाय त्यांचा ठेका धरूनच पडायचा. त्या वर्षी ते मागे चालले. लोक बोलत होते. उसाच्या मळ्यातून, बसथांब्यावर, वाण्याच्या दुकानात एकच गोष्ट फिरत होती: सेफच्या मिठानं जर्मन पळाले. अजून तर काही कळलंही नव्हतं.

कळलं ते आठवड्यानं. यंत्र खडखडलं आणि कागद वर सरकू लागला. पहिल्या ओळीत आभार, दुसरीत खेद, तिसरीत करार संपल्याचं. पण चौथी ओळ वाचून मी खुर्चीतून उठले. पुढच्या हंगामापासून कंपनीचं विमान थेट मालदीवला जाणार होतं, त्यातल्या जागा जूनच्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या, आणि ज्या विमानात जागा घेतल्या तिकडेच पाहुणे पाठवणं भाग होतं. म्हणजे बाई आमच्याकडे यायला निघाली तेव्हाच सगळं ठरलेलं होतं. ती आली ती रीत म्हणून, किंवा दोन दिवस समुद्र बघायला.

मूसयेंनी उभ्याउभ्याच वाचलं. “फाइलला लाव,” म्हणाले, “बाहेर बोलू नकोस.” त्यांनी मिठाचं नाव स्वतः घेतलं नाही, पण लोक घेत होते ते त्यांनी घेऊ दिलं. हॉटेलच्या मालकांना काहीतरी दाखवायला हवं होतं. विमान दाखवून काय होणार? चार दिवसांनी त्यांनी मला एक कागद टाइप करायला दिला. यापुढे प्रत्येक पदार्थ मी स्वतः चाखल्याशिवाय बाहेर पाठवणार नाही, वर्षाचे सगळे दिवस. न जमल्यास मुख्य आचाऱ्याचं काम सोडीन. खाली बांच्या सहीची जागा. सही सोमवारी करायची होती.

स्वतःच्या बापाला बाटवायचा कागद मी स्वतःच्या बोटांनी टाइप केला. एकही चूक झाली नाही, याचा राग मला आजही येतो.

टेलेक्सच्या कागदाला खाली गुलाबी प्रत निघायची. शनिवारी जर्मनांच्या त्या टेलेक्सची प्रत मी जेवणाच्या डब्यात घालून घरी आणली. पकडले गेले असते तर माझीही नोकरी गेली असती. रविवारी दुपारी बा परसात दगडावर सुऱ्या लावत होते. मी शेजारी बसून त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवली आणि अर्थ सांगितला. ते सुरी बाजूला ठेवून ऐकत होते.

“मिठाचं काय लिव्हलंय ह्याच्यात?”

“काय बी न्हाय, बा. शब्द बी न्हाय.”

“परत वाच.”

मी परत वाचलं. मला वाटलं होतं, त्यांच्या छातीवरचं ओझं उतरेल. उलट त्यांचा चेहरा पडला.

“म्हंजे कालवण चांगलं झालं असतं, तरी बी?”

“तरी बी.”

“मंग तिनं दुसरा घास कशाला खाल्ला?”

मी म्हटलं, उद्या हा कागद मूसयेच्या तोंडावर आपटा. म्हणावं, माझा उपास काढता, आणि तुमाला सगळं ठावं होतं. मी रागानं रडत होते. बांनी कागदाची माझ्या डब्यात मावेल एवढी घडी घातली आणि मला परत दिला.

“हा होता तिथं नेऊन ठेव, बाय. आव्यों माझ्या हातात न्हाय. मीठ हाय.”

विमानाला क्रेओलमध्ये आव्यों म्हणतात. त्या दिवशी मला ते बोलणं भित्र्याचं वाटलं, आणि मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पुढे रेडिओवर इतकी वर्षं इतके शहाणे ऐकले. वादळांवर खापर फोडणारे ऐकले, विमानांवर, सरकारवर, मालदीवच्या वाळूवर फोडणारे ऐकले. माझ्या मिठाचं काय, असं विचारणारा एकही ऐकला नाही.

सोमवारी बा ऑफिसात आले. मी यंत्रापाशी होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

“मीठ माझंच होतं,” ते मूसयेंना म्हणाले. “सही करतो. पण कारेमच्या सात दिवसांत मी चाखणार नाही. त्या दिवसांत आंत्वान चाखेल. तसं लिहा.”

“आंत्वान?” मूसये म्हणाले. “तो भांडी घासतो.”

“मीसुद्धा तिथूनच आलो.”

मूसयेंनी मान वर केली, पण बांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही. त्यांना काय कळलं ते त्यांचं त्यांना माहीत. मग त्यांनी तो कागद फाडला आणि नवा टाइप करायला सांगितला. बांनी त्यावर देवनागरीत सही केली, रविवारच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर जोर देऊन. हॉटेलच्या सगळ्या फायलींत त्या लिपीतला तेवढा एकच कागद होता.

सगळं गोड झालं असं नाही. बारांपैकी आठ जणी गेल्या. त्यांतल्या दोघी पुन्हा उसात गेल्या, एक कपड्याच्या कारखान्यात लागली. रेयूनियनहून, फ्रान्सहून थोडे थोडे पाहुणे येत राहिले, आणि चाळीस खोल्यांपैकी पंधरा भरल्या तरी आम्ही तो चांगला आठवडा म्हणू लागलो. ज्यांना फक्त समुद्र हवा होता ते गेले, आणि समुद्र कुठेही मिळतो, त्यांनी जिथे स्वस्त मिळाला तिथे घेतला. त्यात रागावण्यासारखं काय आहे. जे राहिले ते विचारायचे, आज ढोल कसले वाजतायत, आम्ही येऊ का? आई त्यांना केळीच्या पानावर जेवायला वाढायची आणि पुन्हा घ्या, पुन्हा घ्या म्हणून मराठीत आग्रह करायची. त्यांना तो कळायचा. माझं बेट मला तेव्हा जेवढं आवडलं तेवढं कधी आवडलं नव्हतं.

पुढच्या वर्षीचा कारेमचा पहिला दिवस. हॉटेलात नऊ पाहुणे. मी मुद्दाम कागद द्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. टोमॅटो फुटला, बांनी मूठ सोडली, गोविंद हात मागे बांधून उभा होता. कालवण शिजल्यावर बांनी स्वतः वाटीत थोडं काढलं आणि आंत्वानला हाक मारली. चाळिशीचा माणूस तो, दहा वर्षं त्या पातेल्यांचा तळ घासलेला. त्यानं साबणानं दोनदा हात धुतले, एप्रनला पुसले, आणि वाटी दोन्ही हातांनी घेतली.

“गुते,” बा म्हणाले. चाख.

आंत्वाननं चाखलं. डोळे मिटले. पुन्हा चाखलं. मग भीत भीत म्हणाला, “मांक आं ती दिसेल, सेफ.” थोडं मीठ कमी आहे.

गोविंदनं माझ्याकडे पाहिलं. मुली विळ्या थांबवून बघत होत्या. बा पातेल्यावर वाकले आणि त्यांनी वास घेतला, नेहमीसारखा, लांब. त्यांचं नाक काय सांगत होतं ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. ते तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले, मिठाच्या भांड्यात हात घातला, चिमूटभर घेतलं आणि टाकलं. ढवळलं आणि दुसरी वाटी आंत्वानपुढे धरली.

“कोरेक,” आंत्वान म्हणाला. आता बरोबर.

बांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्याला म्हणाले, “उद्या जरा लवकर ये.”